रशीद, तुझ्या लेखाचा शेवट अजून बाकी आहे

अन्याय रशीद शिकलगारवर झाला. कधी झाला तेही सांगतो. १९७७ च्या डिसेंबरात, सांगलीतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचा चहा चालू असताना. छापखान्यातून स्मरणिकेचे गठ्ठे आले, कुणीतरी सुतळी तोडली, आणि जो माणूस पुराव्याशिवाय पाऊस पडतोय असंही म्हणत नसे, त्याच्या नावाने आणि त्याच्या फोटोखाली एक खोटी गोष्ट दोन जिल्ह्यांत गेली.

पत्रकाचा नियम आहे, अन्याय पहिल्या ओळीत सांगायचा. तो सांगून झाला. आता तुझ्याशी बोलतो.

तू असतास तर मला इथंच अडवलं असतंस. "दिन्या, खोटी न्हाई रं. अर्धी." आणि मी म्हटलं असतं, अर्धी गोष्ट खोटीपेक्षा वाईट, खोटी निदान पकडता येते. मग तू चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला असतास. म्हणजे वाद आता लांबणार, चहा आणखी एक मागवावा. पोरं कॉलेजात तुला 'कदाचित सर' म्हणायची हे तुला ठाऊक होतं. तुला त्यात अपमान वाटत नव्हता. मला वाटायचा, तुझ्या वतीने.

मला आठवतं ते आभाळ. आपण साताऱ्यात सातवीत होतो. मी पलूसहून मामाकडे शिकायला आलेलो, तुम्ही पलीकडच्या बोळात. त्या वर्षी हिवाळ्यात संध्याकाळ संपायचीच नाही. सूर्य यवतेश्वराच्या डोंगरामागे जायचा, दिवे लागायचे, आणि सगळं काळं झाल्यावर पश्चिमेला पुन्हा उजाडल्यासारखं व्हायचं, जांभळट, तांबूस. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. माझे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, चीनची लढाई होऊन वर्षच झालेलं. मामांनी ओट्यावर बसून निकाल दिला की आभाळाला रक्त चढलंय, पुन्हा लढाई होणार. आणि तू, हाफचड्डीतला, माझ्यामागून म्हणालास, "आवं सुभेदारसाहेब, पण रोज कसं? लढाई काय रोज हुती व्हय?"

मामांनी तुला हाकललं नाही. ते हसले आणि म्हणाले, हा शिकलगाराचा पोरगा वकील होणार. तू वकील झाला नाहीस. तू पुढची दहा-बारा वर्षं ते आभाळच धरून बसलास. बालीत त्या साली ज्वालामुखीचा एक डोंगर फुटला होता, त्याची राख नव्हे तर त्याच्या गंधकाच्या वायूचे झालेले बारीक थेंब आपल्या डोक्यावर तरंगत होते, हे तू मला एम.एस्सी.ला असताना सांगितलंस, पुण्याहून आल्या आल्या, पिशवी खाली न ठेवता. तेव्हाही शेवटी "कदाचित" होतंच.

मग चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या आसपास ग्वाटेमालातला डोंगर फुटला आणि त्या हिवाळ्यात तुझं ते आभाळ परत आलं. तू तेव्हा सांगलीला कॉलेजात नोकरीला लागला होतास. शनिवारी एस.टी.ने साताऱ्याला यायचास आणि मला ओढत यवतेश्वराच्या घाटात न्यायचास. सूर्य बुडाला की बाकीचे फिरायला आलेले लोक उठून जायचे. आपण बसून राहायचो. मी बिडी पेटवायचो, तू धुरापासून लांब सरकायचास. आणि मग ते उमटायचं. आधी काहीच नाही, राखाडी, आणि मग खालून कुणी दिव्याची वात वर केल्यासारखं जांभळं. रशीद, त्या घाटात मी तुला जे कधी म्हटलं नाही ते हे, की त्या वेळी मला तुझं रसायन एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी मी दर शनिवारी मोकळा राहायचो. सभा असली तरी.

तू मात्र समजावत राहायचास. तुझे अब्बा कल्हई करायचे. भट्टीवर तापलेल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकला की पांढरा धूर उसळायचा आणि आपण दोघं खोकत पळायचो. त्या धुरावरूनच तू सुरुवात करायचास. नवसागरात क्लोरीन बांधलेला असतो. धूर दिसतो, नाकाला झोंबतो, पण थोड्या वेळाने खाली बसतो, भांडी धुतली की पाण्याबरोबर गटारात जातो. ज्वालामुखीचंही पुष्कळसं तसंच. तो क्लोरीन ओकतो, अफाट ओकतो, पण बरोबर वाफही ओकतो. क्लोरीन त्या पाण्यात विरघळतो आणि पावसासारखा खाली येतो. किती खाली येतो आणि किती निसटून वर जातो, ते नक्की कुणालाच माहीत नाही. आणि फवाऱ्याच्या डब्यातला, फ्रीजमधला वायू? त्याला वास नाही, रंग नाही, तो पाण्यात विरघळत नाही. साताऱ्याचा पाऊससुद्धा त्याला धुऊ शकत नाही. तो वर्षानुवर्षं फिरत फिरत वर जातो, आणि तिथल्या कडक उन्हात फुटला की त्यातला क्लोरीन सुटा होतो.

सुटा झाला की काय करतो, हे मी विचारलं तेव्हा तू खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराचं उदाहरण दिलंस. तिथला दलाल भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरतो, एकाची बैलजोडी मोडतो, आणि स्वतः मोकळ्या हाताने पुढच्या दावणीला जातो. वर आपल्यासाठी कडक ऊन गाळणारा ओझोन म्हणजे तीन ऑक्सिजन एकत्र. क्लोरीन येतो, जोडी मोडतो, सुटतो, पुढच्या दावणीला. त्याचं स्वतःचं काही खर्च होत नाही. मी म्हटलं, हे बेस हाय, ह्याचं पत्रक काढू. तू म्हणालास, थांब.

हेच तुझं माझं सगळं आयुष्य. मी म्हणायचो काढू, तू म्हणायचास थांब.

खरं तर सुरुवातीला मी तुझी टिंगलच केली होती. पलूसला दिवसातले कितीतरी तास वीज नसते, अख्ख्या गावात फ्रीज कुणाकडं नाही, आणि तू आभाळाच्या पत्र्याला भोक पडेल म्हणून घाबरतोस. आम्ही चळवळीतले लोक तेव्हा नदीत सोडलेल्या कारखान्याच्या पाण्यावर पत्रकं वाटत होतो. मेलेले मासे टोपलीत घालून कचेरीसमोर ठेवत होतो. मी म्हटलं, आधी हे. तू म्हणालास, "मासं मेल्यालं दिसत्यात म्हणून तू वरडतोस. न दिसणाऱ्यासाठी कोण वरडणार? तू तर पगारी न्हाईस, फुकट वरडतोस, मग ह्यासाठीबी वरड की." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर माशांची टोपली धरायला आलास. हात आठवडाभर वास मारत होता असं वर्गात सांगितलंस म्हणे.

एकदा गळिताच्या दिवसांत तुला आमच्या गुऱ्हाळावर आणलं होतं. वडिलांनी तुला रस दिला, तू कढईपाशी, म्हणजे आमच्याकडच्या काहिलीपाशी, उभा राहिलास. रस उकळत होता, मळी सुटी सुटी फिरत होती. मग वडिलांनी भेंडीच्या सालीचं बुळबुळीत पाणी ओतलं आणि सगळी मळी त्या बुळबुळीला चिकटून जाड साय धरून वर आली. तू रस प्यायचा थांबलास. विचारलंस, हे पाणी नसतं तर मळी वर आली नसती का? वडील म्हणाले, "आली असती की. पर तिला धराय कायतरी लागतं. न्हाईतर नुसतीच फिरत ऱ्हाती."

परतीच्या वाटेवर पलूसच्या स्टँडवर उभे असताना एकदम म्हणालास की सगळे लोक ज्वालामुखीचा क्लोरीन मोजतायत, पण ते गंधकाम्लाचे थेंब? ते वर्ष-दोन वर्षं वर तरंगतात. हवेत जे सुटं फिरतं त्याला त्या थेंबांच्या अंगावर धरायला जागा मिळत असेल तर? माणसाने सोडलेला क्लोरीन आणि डोंगराने सोडलेला थेंब एकत्र आले तर काय होतं? हे दोन वेगळे आरोपी नसतील. कदाचित एकमेकांचे साथीदार असतील.

मी म्हटलं, हे छाप. तू म्हणालास, हे मला ठाऊक नाही, मला फक्त प्रश्न ठाऊक आहे. माझं डोकं फिरलं. आता ते वाक्य मी रोज आठवतो.

सत्त्याहत्तरच्या त्या प्रदर्शनासाठी तुझ्याकडे लेख मागितला. आधीच्या महिन्यात आम्ही एक पत्रक काढलं होतं, फवारे आणि फ्रीज यांच्या वायूबद्दल, तुझ्या मदतीने पण तुझ्या नावाशिवाय. त्यावर सांगलीतल्या एका फ्रीजच्या दुकानदाराने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली होती की ज्वालामुखी एका दिवसात जेवढा विषारी वायू सोडतो तेवढा माझं दुकान शंभर वर्षांत सोडणार नाही. मला वाटलं, तू त्याला उत्तर देशील. तू दिलंस. पण तुझ्या पद्धतीने.

तुझी पद्धत अशी की समोरच्याचं म्हणणं पहिल्यांदा मांडायचं. आणि लंगडं करून नाही. त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं चांगलं मांडायचं. मग आपलं. मी हस्तलिखित वाचलं तेव्हाच भांडलो. म्हटलं, अर्ध्याहून जास्त लेख तू त्या दुकानदाराची वकिली केलीस, तुझा मुद्दा तळाला गाडलास. लोक तळापर्यंत वाचतात का? मुद्दा वर घे. तू म्हणालास, "समोरच्याला आधी बसाय जागा दिली तरच तो ऐकाय थांबतो, गड्या. तुझ्या पत्रकात त्याला दारातच धक्का मारतोस, मग तो ऐकणार कवा?"

हा वाद आपण सांगलीच्या स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, मिरजेच्या रेल्वे फलाटावर केला. संपला नाही.

आणि मग ती स्मरणिका आली. लेखाला प्रदर्शनाच्या समितीने स्वतःचा मथळा दिलेला: 'ओझोनचा खरा शत्रू ज्वालामुखी'. खाली तुझा लेख, ज्वालामुखी काय काय ओकतो याचं सुंदर वर्णन, आणि जिथे तू "परंतु" म्हणून वळणार तिथे लेख संपलेला. त्या जागी एका सभापतींचा फोटो. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मला पहिल्यांदा वाटलं हे त्या दुकानदाराचं कारस्थान. मी तिथंच पत्रकाचा मसुदा करायला बसलो. तू विचारलंस, पुरावा? मग आपण छापखान्यात गेलो. मालकाने चहा दिला, खुर्ची पुसून दिली, आणि काही न लपवता सांगितलं. सभापतींची जाहिरात शेवटच्या दिवशी आली. समितीतल्या कुणीतरी निरोप दिला की खालचं थोडं काढा. त्यांनी काढलं. आणि का नाही काढणार? तो म्हणाला, "सर, स्मरणिकेत लेखाच्या शेवटी आभार नाहीतर सुविचार असत्यात. जागा कमी पडली की आम्ही शेपूट काढतो. आजवर कुणी तक्रार केली न्हाई."

आजवर कुणी तक्रार केली नाही. कारण आजवर कुणी मुद्दा शेवटी ठेवला नव्हता. सगळ्या जिल्ह्यात तूच एक निघालास जो समोरच्याला आधी जागा देतो. आणि म्हणून त्या कात्रीखाली तूच सापडलास. छापखान्यातून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, बघ. तू खूप हसलास. रस्त्यात उभा राहून, चष्मा काढून. मला वाटलं रडतोयस. हसत होतास.

पण नंतर हसू मावळलं. कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत एकाने तुला विचारलं की फ्रीजवाल्यांनी तुला कितीला विकत घेतलं. एका विद्यार्थ्याने परीक्षेत तुझाच हवाला देऊन लिहिलं की ओझोनला माणसापासून धोका नाही. तो पेपर तू मला दाखवलास. बोट त्या ओळीवर ठेवलंस. आणि त्या दुकानदाराने तुझं पान चौकटीत घालून गल्ल्याच्या वर लावलं, देवांच्या फोटोंच्या रांगेत.

आपण गेलो होतो त्याच्याकडे. मी तोंड उघडायच्या आत तू मला मागे सारलंस. त्याने तुला ओळखलं आणि हात जोडले. खरंच जोडले, त्यात लबाडी नव्हती, हे मला तेव्हाही दिसलं आणि तेव्हाही राग आला. तू सांगितलंस की लेखाचा शेवट गळलाय, त्यात उलट लिहिलं होतं, एवढी चौकट उघडून एक चिठ्ठी चिकटवू दे. तो म्हणाला, "सर, तुमचंच नाव हाय, तुमचाच फोटो हाय. मी तर कौतुकानं लावलाय. उघडली तर काच फुटंल." आणि फ्रीजमधून गार सरबताची बाटली काढून तुझ्या हातात दिली.

तू ती प्यालास. बाहेर आल्यावर मी भडकलो. प्यालास कशाला? तू म्हणालास, "तहान लागली हुती."

समितीचं म्हणणं असं पडलं की प्रदर्शन झालं, अंक वाटले गेले, आता पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, पत्रक काढतो, नावं घेऊन, समिती, सभापती, दुकान, सगळे. तू नाही म्हणालास. तुला हवी होती चिठ्ठी. तळहाताएवढी, गळलेला शेवट तेवढा छापलेली, ज्यांच्याकडे अंक आहे त्यांच्या घरी जाऊन, त्याच पानावर, त्या सभापतींच्या फोटोवर चिकटवायची. मी म्हटलं, हे येडेपण हाय. पोत्यातून सांडलेले गहू एकेक करून वेचणार तू? तू म्हणालास, पोतं माझंच आहे.

चिठ्ठीच्या मजकुरावरही आपण भांडलोच. शेवटाकडची एक ओळ मला नको होती. शुद्धिपत्रात 'ठाऊक नाही' कोण छापतं? लोक म्हणतील, ह्यालाच ठाऊक नाही तर आम्हाला कशाला सांगतोय. तू म्हणालास, माझ्या लेखात खरं असं तेवढंच एक वाक्य आहे, बाकी सगळं मी दुसऱ्यांचं वाचून लिहिलं. ते काढायचं असेल तर चिठ्ठीच नको. मी ओळ ठेवली.

आणि मग ते सगळे रविवार. रशीद, लोकांना वाटेल मी तुझ्या दुःखाचे दिवस सांगतोय, पण माझ्यासाठी आपल्या दोस्तीतले ते सगळ्यात चांगले दिवस होते. डिंकाची बाटली तुझ्या शबनम पिशवीत, ती कलंडून एकदा तुझा रुमाल आणि माझी विडीकाडी एक झाली. पलूसला माझ्या चुलतीने स्मरणिका चुलीपाशी ठेवली होती, वारा घालायला. तू तिच्याकडून ती मागून घेतलीस, चिठ्ठी चिकटवलीस, आणि अंक तिला परत दिलास. "काकी, आता घाला वारा." ती म्हणाली, "आता वारा चांगला लागंल व्हय?" तू म्हणालास, कदाचित. लोणंदला एका कांद्याच्या व्यापाऱ्याने अंक शोधायला अख्खं कपाट उपसलं, सापडला नाही, पण आपल्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गाडीला वेळ होता म्हणून फलाटावर बसलो, तर तू आभाळाकडे बघून म्हणालास, आता साधंच मावळतं, ग्वाटेमालाचं सगळं खाली बसलं. इतकं हळू बोललास की कुणी जवळचं गाव सोडून गेलंय असं वाटावं.

साताऱ्यात मामांकडेही अंक होता. मामा आता वाकलेत. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी पूर्ण वाचली, 'ठाऊक नाही'वर थांबले आणि म्हणाले, फौजेत असं लिहिलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं. मग तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पर खरं लिवलंस." तू लाजलास. तुला लाजताना मी तेवढंच पाहिलं.

फेब्रुवारीत तुला कावीळ झाली. आम्हाला वाटलं, कावीळ काय, पंधरवडाभर ताक-भात खाईल आणि उठेल. मिरजेच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा तुझे डोळे सांगलीच्या हळदीसारखे होते. तू म्हणालास, "बघून सांग, गंधक किती चढलंय." तुझ्या अम्मी, म्हणजे माझ्या चाची, बाजूला बसल्या होत्या, त्यांना हा विनोद कळला नाही, तरी त्या हसल्या कारण तू हसलास. मग तू विचारलंस, चिठ्ठ्या राहिल्यात का? म्हटलं, लय राहिल्यात. ते दुकानवालं राहिलंय. तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. तू म्हणालास, "त्याची काच फोडू नगंस. त्यालाच उघडाय लाव."

हे तू शेवटचं नीट बोललास.

तुला साताऱ्यात माती दिली. अब्बांनी त्या दिवसापासून भट्टी पेटवलेली नाही. चाचींनी मला बोलावून तुझी शबनम दिली. आत उरलेल्या चिठ्ठ्यांचं बंडल आणि डिंकाची बाटली, झाकणाला वाळून घट्ट बसलेली. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं काम हाय. एकटा पडलास, पर सोडू नगं." मी त्यांना काय सांगणार होतो? हो म्हटलं.

काल संध्याकाळी मी घाटात गेलो. साधंच मावळलं. मी तरी बसून राहिलो. तुझी बाजू बरोबर होती असं मी अजूनही म्हणणार नाही. समोरच्याला आधी जागा द्यावी की आपला मुद्दा आधी ठोकावा, या वादात मी हरलेलो नाही. हा लेखसुद्धा मी अन्यायानेच सुरू केला, बघ. पण तुझी एक गोष्ट मी इथे करणार आहे. महत्त्वाचं शेवटी ठेवणार आहे. या वेळी खालून कापायला कुणी नाही, कारण ही पत्रिका आम्ही स्वतः छापतो आणि हिच्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत नाही.

हा तुझा शेवट, तुझ्या शब्दांत, एकही शब्द न हलवता:

'परंतु ज्वालामुखीतून निघणारा बराचसा क्लोरीन वाटेतच पाण्यात विरघळून पावसाबरोबर खाली येतो. फवाऱ्यातला आणि फ्रीजमधला वायू विरघळत नाही. तो वर पोचतो आणि तिथे उन्हाने फुटून क्लोरीन सोडतो. म्हणून माणसाचा यात वाटा नाही, असे म्हणता येत नाही. ज्वालामुखीचे गंधकाम्लाचे थेंब वर्ष-दोन वर्षे वर राहतात. त्या थेंबांच्या अंगावर माणसाने सोडलेल्या क्लोरीनचे काय होते, हे मला ठाऊक नाही. कोणी तपासले असेल तर कृपया कळवावे.'

आता तुम्ही, वाचणारे. सांगली-साताऱ्यात तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती स्मरणिका आहे. कपाटावर असेल, पोरांच्या दप्तरात असेल, चुलीपाशी असेल. ती शोधा. ज्या पानावर सभापतींचा फोटो आहे ते पान उघडा. वरच्या सहा-सात ओळी या पत्रिकेतून कापा आणि त्या फोटोवर चिकटवा. आणि गल्ल्याच्या वर ज्यांनी ते पान लावलंय, त्या शेठना सांगतो, आम्ही तुमची काच फोडणार नाही, चौकट तुम्ही स्वतः उघडा.

डिंक नसला तरी अडत नाही. आज जेवायला बसाल तेव्हा भाताचं एक शीत ताटाच्या कडेला काढून ठेवा. तेवढं पुरतं.